कोंडुऱ्याला पाटी लावायची का?

वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर एका दिवसात आरामात फिरून होईल एवढ्या टापूत मराठी कादंबरीतली तीन मोठी माणसं भेटतात. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं मास्तर होते. शेजारच्या आरवलीत जयवंत दळवी वाढले. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई या वाडीत चिं. त्र्यं. खानोलकर जन्मले, आणि त्यांच्या कादंबरीला ज्या जागेने नाव दिलं तो कोंडुरा याच समुद्रकाठी आहे. गोव्यातल्या पोर्तुगीजांना शह द्यायला सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार बांधली, तेव्हापासून कागदोपत्री नाव असलेलं हे बंदर. आता तिथे वखारीच्या भिंती उरल्या आहेत, आणि या कादंबऱ्या.

माझ्या ओळखीच्या एका घरात यावरून वाद चालू आहे. भाचा डोंबिवलीत वाढलेला. नोकरी सोडून तो वडिलोपार्जित घरात राहायला आला आणि पाहुण्यांसाठी त्याने वरच्या खोल्या नीट करून घेतल्या. येणाऱ्या लोकांना कादंबऱ्यांतल्या जागा दाखवायच्या, नकाशा छापायचा, जागोजागी पाट्या लावायच्या असं त्याने ठरवलं आहे. आत्या त्याच घरात राहते. तिने उभा जन्म इथल्या हायस्कुलात मराठी शिकवलं. तिला हे पटत नाही. दोघांचंही मी ऐकलं, आणि प्रश्न त्या घरापुरता नाही असं वाटलं म्हणून त्यांचं बोलणं इथे मांडतो आहे. जिथे राहवलं नाही तिथे मी मध्ये बोललो आहे.

भाचा : आत्या, तुझी हरकत नेमकी कशाला आहे ते तरी सांग. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून आपण आल्यागेल्याला दाखवतो काय? किनारा, मासे, फार तर डच वखार. माणसं सोलकढी पितात, फोटो काढतात आणि गोव्याला जातात. ज्या जमिनीतून 'कोंडुरा' आणि दळव्यांची 'सारे प्रवासी घडीचे' आली त्या जमिनीवर आपण उभे होतो, हे त्यांना कोणी सांगतच नाही. हे सांगायला नको?

आत्या : सांग ना. सांगण्याला कोण नको म्हणतंय? पण तू पाटीवर लिहिणार, 'कोंडुरा ही कादंबरी इथे घडली'. ती इथे घडलेली नाही, बाबू. तू खाली खडकात उतरून बघितलंस. काय आहे तिथे? कपारीत लाट शिरते, आत घुमते आणि आपल्या छातीत धस्स होतं. खानोलकरांनी तिथून घेतलं ते एवढंच : त्या आवाजामागे कोणीतरी आहे ही भीती. पुढचं सगळं, म्हणजे गर्भ पाडणारी ती मुळी, तिच्याबरोबर आलेली ब्रह्मचर्याची अट, देवीचा आदेश मानता मानता एका सरळ माणसाच्या हातून होत गेलेला अनर्थ, हे त्या खडकात कुठे सापडणार आहे?

भाचा : पण तो खडक नसता तर ती भीती आली असती कुठून?

आत्या : दुसऱ्या कुठल्या खडकातून आली असती. श्याम बेनेगलांनी 'कोंडुरा'वर सिनेमा केला तो आंध्रात. १९७८ साली, हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम'. गाव तिकडचं, देऊळ तिकडचं, समुद्र तिकडचा. गोष्ट कुठे अडली? कोकणातला ब्राह्मण आंध्रातला झाला, तरी त्याच्यावर येणारं संकट तेच राहिलं. मग तुझी पाटी कुठे लावायची, इथे की तिकडे?

भाचा : हे मला पटत नाही. गोष्ट उचलून नेता आली म्हणून ती मुळात कुठलीच नव्हती, असं कसं? सिनेमात गोष्ट गेली. कादंबरी इथेच राहिली. तू खानोलकरांची माणसं बघ. त्यांना एकमेकांच्या घरातलं सगळं ठाऊक असतं आणि तरी कोणी कोणाला तोंडावर विचारत नाही. दोन घरांमध्ये माडापोफळींची बाग, मध्ये दगडी बांध, तिन्हीसांजेनंतर समोरच्या पडवीतला कंदील दिसतो पण माणूस दिसत नाही. तेव्हा पावसाळा लागला की आगबोट बंद. सप्टेंबरपर्यंत मुंबईचं माणूस यायचं तर घाटाने यायचं. चार महिने माणसं आपापल्या घरात आणि आपापल्या पापात कोंडलेली. हे मला डोंबिवलीत वाचताना कळलं नव्हतं. इथला पहिला पावसाळा काढला तेव्हा कळलं. जागा बघून कादंबरी कळते, आत्या. मी स्वतः अनुभवलंय.

आत्या : तुला कळली कारण तू इथे राहिलास. सकाळी येऊन दुपारी हॉटेल गाठणाऱ्याला ते चार महिने तू कसे दाखवणार?

इथे मला भाच्याची बाजू घ्यावीशी वाटते. खानोलकरांच्या कादंबऱ्यांबद्दल बोलताना समीक्षक नियती, अज्ञाताची ओढ, पाप असे शब्द वापरतात, आणि त्यांत चूक काही नाही. पण ही नियती हवेतून आलेली नाही. जिथे बाहेर पडायची वाट वर्षातले चार महिने बंद असते, जिथे जमीन थोडी आणि तिच्यावरचे हक्क गुंतागुंतीचे असतात, जिथे देवाचा कौल घेतल्याशिवाय गावाचं पान हलत नाही, तिथे माणसाला आपल्या हातात काही नाही असं वाटणं हा त्याच्या दिनक्रमाचाच भाग असतो. खानोलकरांनी हे कुडाळात घरची खाणावळ चालवताना पाहिलं, सोसलं. म्हणून त्यांची नियती पुस्तकी वाटत नाही.

आत्यापाशी मात्र याहून अवघड प्रश्न होता.

आत्या : बरं, जागेमुळे कादंबरी होते म्हणतोस. मग खांडेकरांचं काय? ते या मातीत अठरा वर्षं राहिले. शाळेसाठी वर्गण्या मागत फिरले, गावच्या पोरांना घडवलं. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तो त्यांच्या उंबऱ्याशी. त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी आली, 'हृदयाची हाक'. पुढे 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का', सगळ्या शिरोड्याला असताना लिहिलेल्या. आता तू मला त्यांतलं शिरोडं काढून दाखव. मिठागरांतलं गुडघाभर पाणी, फावड्याने ओढलेले मिठाचे ढीग, मिठाने फुटलेल्या टाचा दाखव. खेडं आहे, गरिबी आहे, ध्येयवादी मास्तर आहे. पण ते खेडं कुठल्याही नकाशावर चालून जाईल. आणि दळवी? ते मुंबईला वर्तमानपत्रात, मग अमेरिकन माहिती खात्याच्या कचेरीत. तिथे बसून १९६४ साली त्यांनी 'सारे प्रवासी घडीचे' लिहिली, आणि आरवली-शिरोड्याचा माणूस वाचायला लागला की त्याला आपल्या शेजाऱ्याच्या खोकल्याचा आवाज येतो. जो राहिला त्याच्या पुस्तकात गाव नाही, जो गेला त्याच्या पुस्तकात आहे. याचा अर्थ लाव.

भाचा : खांडेकरांना गाव लिहायचंच नव्हतं. त्यांना माणसाला चांगलं करायचं होतं. शिरोडं त्यांची कर्मभूमी होती, कादंबरीचा विषय नव्हे. त्यांच्यावर तू हा अन्याय करतेस.

आत्या : अन्याय करत नाही. मी त्यांच्यामुळेच मास्तरीण झाले, त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला शिकवलं. माणूस म्हणून ते आमच्या घरात दळव्यांपेक्षा मोठे. पण मला विचारशील तर शिरोड्यातली शाळा ही त्यांची सगळ्यात स्थानिक कलाकृती. तिथे खुशाल पाटी लाव.

भाचा : आणि दळव्यांना गाव का दिसलं?

आत्या : कारण गावाने त्यांना जायला लावलं. एकट्या त्यांना नव्हे, सगळ्यांना. हे बंदर एके काळी बेळगावचं दार होतं. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून ते इंग्रजांकडे गेलं. घाटावरचा कापूस बैलगाड्यांतून खाली उतरायचा, बेळगावच्या छावणीचं सामानसुमान इथे उतरून वर चढायचं. मग मुरगाव बंदराला आगगाडी आली, घाटावरचा माल तिकडे वळला आणि आपल्या धक्क्यावर माणसांशिवाय चढवायला काही उरलं नाही. ती माणसं मुंबईला गेली, गिरणीत, कचेरीत, खाणावळीत. प्रत्येक घरातून एक तरी गेला. मागे म्हातारी माणसं, बायका आणि ज्याला कुठेच जमलं नाही असा एखादा. 'सारे प्रवासी'मधली माणसं कोण आहेत? मागे राहिलेली. त्यांची तऱ्हेवाईक वागणूक वाचून आपण हसतो, पण ती तऱ्हा आली कशातून? गाव रिकामं होत होतं त्यातून. हे बाहेर गेलेल्यालाच दिसलं, कारण त्याला दर मे महिन्यात परत आल्यावर एकेक जण कमी झालेला दिसायचा. इथे रोज राहणाऱ्याला काय दिसणार? आणि एक लक्षात घे, त्याआधीच्याच वर्षी त्यांनी 'चक्र' लिहिली, मुंबईच्या झोपडपट्टीवर. गावातून उठलेला माणूस शेवटी जिथे जाऊन पडतो ती जागाही त्यांनी बघितली होती. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाच.

हे शेजारी ठेवून वाचणं मी नंतर केलं, आणि ते प्रत्येकाने करावं असं मनापासून सांगतो. 'चक्र' म्हणजे वास्तववादी, धीट कादंबरी आणि 'सारे प्रवासी घडीचे' म्हणजे गावाकडच्या हळव्या, विनोदी आठवणी, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. पण दोन्हीकडे नजर एकच आहे. माणूस कितीही ओंगळ वागला तरी दळवी त्याच्यापासून तोंड फिरवत नाहीत. आरवलीत ती नजर मऊ दिसते, कारण तिथल्या माणसाला निदान घर आहे, देव आहे आणि त्याचं नाव ठाऊक असणारे लोक आहेत.

भाचा : देवाचं नाव निघालं म्हणून सांगतो. माझ्या नकाशावर आरवलीचा वेतोबा आहेच. दळव्यांच्या लिखाणात तो किती वेळा येतो! पाहुण्यांना तर तिथून निघावंसंच वाटत नाही. माणसापेक्षा उंच मूर्ती, उभी, जणू आत्ताच बाहेरून आल्यासारखी. नवसाचे केळीचे घड टांगलेले. आणि त्या चपला! एकेक चप्पल माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरते. जाड कातडी तळ, वर पट्टे, बाजूला ठेवलेल्या जुन्या जोडांचे तळ झिजलेले. रात्री वेतोबा गावाची राखण करत फिरतो, म्हणून झिजतात असं लोक सांगतात. कोणी त्या वहाणा बघतो आणि मग 'सारे प्रवासी' वाचतो, तेव्हा दळव्यांच्या गावात देव हा शेजाऱ्यासारखा का वागतो ते त्याला आपोआप उमगतं. हे पाटीने होत असेल तर पाटी वाईट कशी?

आत्या : वेतोबाचं तू म्हणतोस ते खरं. तिथे जागा आणि पुस्तक एकमेकांना धरून आहेत. आरवलीत फणसाचं लाकूड घराला वापरत नाहीत, कारण मूळ मूर्ती फणसाची होती. असा गाव आहे तो. लाव तिथे. पण आणखी एक जागा तू नकाशावर घेणार आहेस का? 'महानंदा'ची?

भाचा : (थोडा वेळ थांबून) घ्यायला हवी. मोठी कादंबरी आहे. शं. ना. नवऱ्यांनी तिच्यावरून 'गुंतता हृदय हे' केलं, त्यामुळे लोकांना नाटक तरी माहीत असतंच.

आत्या : भाविणीच्या मुलीची गोष्ट आहे ती. देवाला वाहिलेल्या बायकांच्या पोटी जन्मलेली मुलगी संसार मागते, आणि जो तिला तो देऊ शकतो त्याच्या हातून ते होत नाही. देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ सालचा. कादंबरी १९७०ची. कायदा होऊन छत्तीस वर्षं झाली तरी दळव्यांना ती लिहावीशी वाटली, ती का, ते आम्हाला ठाऊक आहे. आता कुठल्या घरासमोर तू पाटी लावशील? त्या घरांतली मुलं आज शिक्षक आहेत, बँकेत आहेत. आजीची गोष्ट त्यांनी आपल्या बायकोलाही सांगितली नसेल. तू पाहुण्यांना बोट दाखवून सांगणार?

भाचा : कोणाच्याही घराकडे बोट दाखवणार नाही मी, एवढं तरी मला कळतं.

आत्या : तुला कळतं. तुझ्यानंतर जो नकाशा घेऊन येईल त्याला कळेलच असं नाही. वाचनालयात 'सारे प्रवासी'ची एक जुनी प्रत होती. बांधणी सुटलेली, पानं पिवळी पडून कडेला मऊ झालेली. तिच्या समासात पेन्सिलीने गावकऱ्यांनी लिहून ठेवलं होतं, हा म्हणजे अमुक, ही म्हणजे तमक्याची सून. एका ठिकाणी दोन वेगवेगळ्या अक्षरांत दोन वेगवेगळी नावं होती आणि पहिलं नाव कोणीतरी इतकं जोरात खोडलं होतं की कागद फाटला होता. खोडणारा त्या घरातलाच असणार. मला ती प्रत अजून डोळ्यांसमोर दिसते. छापील कादंबरी म्हणजे मुंबई-पुण्याच्या वाचकाला करमणूक, त्या माणसाला ती दुखापत होती. स्थानिक लेखक म्हणून तू ज्याचा अभिमान धरतोस, त्याने गावाच्या न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या. गावाने त्याबद्दल त्याला कधी माफ केलं आणि कधी नाही. हे सगळं पाटीवर मावेल?

या प्रतीबद्दल आत्या बोलत होती तेव्हा भाचा गप्प होता. मी मात्र तेव्हापासून त्या फाटलेल्या समासाबद्दल विचार करतो आहे. कादंबरी कोणाच्या तरी जगण्यावर उभी राहते, आणि जेव्हा ती एवढ्याशा गावातून येते तेव्हा ती कोणाच्या जगण्यावर उभी आहे हे गावाला माहीत असतं. शहरातल्या कादंबरीकाराला ही जबाबदारी सहसा उचलावी लागत नाही. दळव्यांनी ती उचलली, असं माझं मत आहे. त्यांनी त्या माणसांची टिंगल केली नाही आणि त्यांना देवही केलं नाही. पण ज्याचं नाव समासात लिहिलं गेलं त्याला माझ्या मताचा काय उपयोग? म्हणून आत्याच्या बोलण्याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही.

भाच्याने उत्तर दिलं, ते वेगळ्या दिशेने.

भाचा : आत्या, तुझं ऐकलं तर आपण या पुस्तकांबद्दल बोलायचंच नाही असं होईल. मग काय होतं ते बघ. आमच्याकडे जेवण करायला येणाऱ्या मावशींचा मुलगा बारावीला आहे. त्याला दळवी ठाऊक नाहीत, खानोलकर ठाऊक नाहीत. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यात जन्मले हेही त्याला माहीत नाही, फक्त कविता माहीत आहेत. त्याला वाटतं, पुस्तकं लिहिणारी माणसं पुण्यात असतात. दुखापत होईल म्हणून आपण गप्प बसलो तर त्याच्यापर्यंत हे पोचणार कसं? गावात लेखक होऊ शकतो, हे त्याला दिसायला नको? आणि सगळे लेखक गाव सोडूनच लिहितात हा तुझा सिद्धांतही आता मोडला आहे. प्रवीण बांदेकर सावंतवाडीत राहून, तिथल्या कॉलेजात शिकवून लिहितात. 'चाळेगत'मध्ये आजचं तळकोकण आहे. 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला २०२२चा साहित्य अकादमी मिळाला, आणि त्यात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची बाहुल्यांची कला कादंबरीच्या रचनेतच येऊन बसली आहे. कोणी मुंबईच्या खोलीत बसून आठवणी काढल्या नाहीत.

आत्या : बांदेकर मला आवडतात. त्यांच्या पुस्तकात गाव गोड नाही, हे मला आवडतं. आणि तू म्हणतोस ते बरोबर आहे, आता लिहिण्यासाठी जावं लागत नाही. आता तर उलटच झालंय, जमीन घ्यायला मुंबई इकडे येते. माणूस इथेच राहतो आणि गाव त्याच्या पायाखालून जातं. लिहिणाऱ्याला हवं असलेलं अंतर आता आपोआप पडतं. खानोलकर १९५९ला कुडाळ सोडून मुंबईला गेले, तेव्हा ते सगळं मागे टाकून गेले. 'रात्र काळी, घागर काळी' त्यानंतर तीन वर्षांनी आली, 'कोंडुरा' सात वर्षांनी. गेल्यावर दहा वर्षांत केवढं लिहिलं त्या माणसाने, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. पोट भरायला जावं लागलं नसतं तर ते आणखी जगले असते का, असं माझ्या मनात येतं. म्हणून मला 'आमच्या मातीतला लेखक' असं कोणी छाती फुगवून म्हटलं की राग येतो. माती त्यांना दोन वेळचं जेवण देऊ शकली नव्हती.

भाचा : म्हणजे अभिमानच धरायचा नाही?

आत्या : धर. पण ज्याला आपण काही दिलं नाही त्याचं श्रेय घेऊ नको. आणि दुसरं. तुझ्या नकाशावर आरवली आहे, शिरोडं आहे, कोंडुरा आहे. वेंगुर्ले कुठे आहे?

भाचा : म्हणजे?

आत्या : तू ज्याला ऐतिहासिक बंदर म्हणून पाहुण्यांना दाखवतोस ते गाव कुठल्या कादंबरीत आहे? माझ्या वाचनात तरी नाही. सगळं आजूबाजूच्या वाड्यांबद्दल आहे. माडाच्या बागा, देऊळ, मास्तर, भट, भाटकार. बंदर कुठे आहे? रापणीची दोरी ओढणारा गाबीत कुठे आहे? पहाटे दोरी खांद्यावर घेऊन वीस-पंचवीस माणसं वाळूत मागे मागे सरत येतात, ते तू रोज बघतोस. आता यांत्रिक बोटी आल्या, पर्सिननेट आलं, रापणीला मासळी मिळेना. एवढा मोठा बदल, त्याच्या मध्यभागी असलेला एक तरी माणूस आमच्या कादंबरीचा नायक झाला का? काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायका बघ. तेलाने त्यांची बोटं काळी पडतात, सालं निघतात, राख लावून पुन्हा बसतात. आणि मिशनचं इस्पितळ घे. अमेरिकन डॉक्टर इथे येऊन राहिले, तालुक्यातल्या बायका बाळंतपणाला तिथे यायच्या. त्या मिशनच्या डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट गोहीन १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, १९७७ साली अमेरिकेचा राजदूत होऊन भारतात आला. विचार कर, एका इस्पितळात एकीकडे ही अमेरिकन कुटुंबं, दुसरीकडे ख्रिस्ती नर्सा, तिसरीकडे सोवळं सांभाळत बाळंत होणाऱ्या आमच्या आज्या. यावर कादंबरी नाही! डच वखारीवर नाही, आगबोटीच्या धक्क्यावर नाही. आणि तू म्हणतोस आपण कादंबरीत सगळं गाव पकडलंय.

भाचा : हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण याचं कारण काय?

आत्या : कारण लिहिणारे कोणाच्या घरातले होते ते बघ. त्यांच्या अंगणातून जेवढं दिसलं तेवढं त्यांनी अतिशय खरं लिहिलं. बंदर त्यांच्या अंगणातून दिसत नव्हतं. ते मुंबईला जायची जागा होती, राहायची नव्हती.

आत्याचं हे बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि वादाचा रोख इथे बदलला. तोवर दोघं असलेल्या पुस्तकांवर भांडत होते. स्थानिक लेखक म्हणताना आपण गावाचं नाव घेतो आणि गाव म्हणजे एकच काहीतरी आहे असं धरून चालतो. पण एका बंदरात अनेक वस्त्या असतात, त्यांच्यात बोलणं असतं, सोयरीक नसते. एका वस्तीतला लेखक दुसरीला तितकाच परका असतो, जितका मुंबईचा पाहुणा. दलित आणि ग्रामीण साहित्याने घाटावर ही कोंडी फोडली. किनाऱ्यावर ती फुटायला बरंच बाकी आहे. गाबितांच्या घरातून, मिठागरांतून, कारखान्याच्या शेडमधून वेंगुर्ल्याची कादंबरी आली तर ती दळवी-खानोलकरांच्या शेजारी तितक्याच हक्काने बसेल, असं मला ठामपणे वाटतं.

भाचा : मग ते लिहून घ्यायला पाहिजे. तांडेल आहेत, इस्पितळात काम केलेल्या म्हाताऱ्या नर्सा आहेत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवतो.

आत्या : कर. पण ती कादंबरी नव्हे. कोणी तरी लिहील आणि आपण सामान गोळा करून ठेवू, असं होत नाही. खानोलकरांना कोणी सामान दिलं नव्हतं.

भाचा : पण वाचायला पुस्तकं तर कोणीतरी दिली असतील! त्या मावशींच्या मुलाला मी काय देऊ ते सांग. 'कोंडुरा' देऊ?

आत्या : 'कोंडुरा' सतराव्या वर्षी नको. 'चक्र' दे.

भाचा : 'चक्र'? ती तर मुंबईच्या झोपडपट्टीवरची आहे.

आत्या : म्हणूनच. 'सारे प्रवासी' दिलीस तर तो मजेने वाचेल आणि समजेल की साहित्य म्हणजे बागाईतदारांच्या गमती. 'चक्र' वाचून त्याला कळेल की ज्यांच्याकडे कोणी बघत नाही त्यांच्याबद्दलही लिहितात, आणि ते लिहिणारा इथून तीन-चार कोसांवरचा होता. मग 'सारे प्रवासी' दे.

भाचा : आणि पाट्या?

आत्या : शिरोड्याच्या शाळेला लाव, वेतोबाला लाव, देवस्थानच्या लोकांना विचारून. 'महानंदा'ची लावू नको. तिथे तुझं माझं एकमत होणार नाही, माहीत आहे मला.

भाचा : नाहीच होणार. मी ती नकाशावर घेणार. घराचं नाव न घेता, फक्त कादंबरीबद्दल. त्या बायकांची गोष्ट पुसून नकाशा केला तर मग आपण आणि समास खोडणारा यांत फरक काय?

आत्या : समास खोडणाऱ्याचा तो हक्क होता. तुझा नाही.

भाचा : आणि कोंडुरा?

आत्या : कोंडुऱ्याला काही लावू नको. कोणी पाहुणा आला तर त्याला खाली घेऊन जा, लाट आत शिरताना उभा कर आणि विचार की पुस्तक वाचलंय का. नसेल वाचलं तर घरात दोन प्रती ठेव, उसनी दे. परत नाही आणली तरी चालेल, पैसे मी देईन.